इंटरव्ह्यूनंतर आलेलं ‘ऑप्ट-आऊट’चं पत्र: सही करू का?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी मूळचा सांगलीचा. इथे ब्रिटनमधल्या एका कंपनीच्या व्हिसावर पाच वर्षं काढली, आयएलआर (कायमच्या वास्तव्याची परवानगी) मिळालं आणि आता नोकरी सोडून स्वतःची लिमिटेड कंपनी काढली आहे. पहिलंच कॉन्ट्रॅक्ट मिळतंय. रेडिंगमधली मोठी विमा कंपनी, टेस्ट ऑटोमेशनचं काम, सहा महिने, दिवसाला ४५० पौंड, आयआर ३५ च्या (म्हणजे नोकरासारखा कर लावणाऱ्या नियमाच्या) बाहेर. मध्ये एक रिक्रूटमेंट एजन्सी आहे. मंगळवारी इंटरव्ह्यू झाला, गुरुवारी निवड कळली, शुक्रवारी एजंटनं कॉन्ट्रॅक्ट पाठवलं आणि सोबत एका पानाचं ‘ऑप्ट-आऊट’चं, म्हणजे एजन्सींवरच्या सरकारी नियमांतून बाहेर पडण्याचं पत्र. म्हणतो, “सगळेच करतात, नुसती फॉर्मॅलिटी आहे. सही नाही केली तर तुम्ही आयआर ३५ मध्ये अडकाल. आणि सोमवारपर्यंत कागद आले नाहीत तर क्लायंट दुसरा माणूस घेईल.” कॉन्ट्रॅक्टमध्ये असंही लिहिलंय की क्लायंटकडून पैसे आले की मगच माझं बिल भागवणार, आणि काम संपल्यावर १२ महिने त्या क्लायंटकडे थेट जायचं नाही. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निम्मे म्हणतात डोळे मिटून सही कर, निम्मे म्हणतात मुळीच करू नकोस. बायको बाळंतपणाच्या रजेवर आहे, घराचा हप्ता चालू आहे. काम हातचं जाईल अशी भीती वाटते. काय करू?

एक वाचक, स्लाउ

उत्तर

नमस्कार.

सही करू नका. एवढंच उत्तर हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल. पण तुमच्या पत्रात ऑप्ट-आऊटहून मोठ्या दोन गोष्टी दडल्या आहेत, पैशांचं कलम आणि १२ महिन्यांचं कलम. त्या जशाच्या तशा राहिल्या तर एक सही टाळूनही डोक्याचा ताप टळणार नाही.

मी बरीच वर्षं लंडनमध्ये अशाच एका एजन्सीच्या कॉन्ट्रॅक्ट विभागात होते. तिथे ऑप्ट-आऊटचं पत्र नेमणुकीच्या कागदांच्या गठ्ठ्यातून आपोआप जायचं. कुणाला पाठवायचं, कुणाला नाही, याचा विचार कुणी करत नसे. फोनवर बोलणाऱ्या एजंटला त्यातला कायदा ठाऊक नसतो. तुम्ही रुजू झालात की त्याचं कमिशन पक्कं होतं, म्हणून गठ्ठा सह्यांसकट परत यावा एवढीच त्याची धडपड. शुक्रवारी कागद पाठवून सोमवारची मुदत देणं हाही ठरलेला रिवाज आहे, कारण शनिवार-रविवारी कुणी वकील किंवा अकाउंटंट फोन उचलत नाही. तेव्हा घाबरू नका, आणि त्या पोरावर रागावूही नका.

आता हे नियम आहेत तरी काय ते बघू. एजन्सींसाठी इथे १९७३ चा एम्प्लॉयमेंट एजन्सीज ॲक्ट आहे. त्याखाली २००३ साली ‘कंडक्ट रेग्युलेशन्स’ केले गेले आणि ते एप्रिल २००४ पासून लागू झाले. एजन्सीनं काम शोधणाऱ्याशी आणि क्लायंटशी कसं वागायचं, काय आधी लेखी द्यायचं, कशाचे पैसे घ्यायचे नाहीत, हे त्यांत आहे. काम नुसत्या माणसाला न देता लिमिटेड कंपनीमार्फत घेतलं जात असेल तर बत्तिसाव्या नियमात एक सोय ठेवली आहे: ती कंपनी आणि प्रत्यक्ष काम करणारी व्यक्ती, दोघांनी मिळून ‘आम्हाला हे नियम लागू नकोत’ असं एजन्सीला कळवायचं. तेच तुमचं ऑप्ट-आऊट. काहीच कळवलं नाही तर तुम्ही नियमांच्या आतच असता. आत राहण्यासाठी वेगळी सही लागत नाही. अंब्रेला कंपनीतून (कॉन्ट्रॅक्टवाल्यांना आपल्या पगारावर ठेवणाऱ्या मधल्या कंपनीतून) काम करणाऱ्यांकडेही हेच पत्र येतं, म्हणून तुमच्या ग्रुपवरच्या त्या मंडळींनीही हे वाचावं. लहान मुलं, आजारी किंवा वृद्ध माणसं यांच्या देखभालीशी संबंधित काम असेल तर मात्र बाहेर पडायची मुभाच नाही.

एक घोळ इथेच निस्तरते. १२ आठवड्यांनंतर कायम नोकरांइतका पगार मिळण्याचे जे नियम आहेत ते २०१० चे एजन्सी वर्कर्स रेग्युलेशन्स. ते वेगळे. या पत्राचा त्यांच्याशी काही संबंध नाही.

कंडक्ट रेग्युलेशन्समधला तुमच्या खऱ्या उपयोगाचा नियम बारावा. तो म्हणतो की तुम्ही काम केलं असेल तर क्लायंटनं पैसे दिले नाहीत या कारणावरून एजन्सीला तुमचे पैसे अडवता येत नाहीत. टाइमशीटवर क्लायंटची सही नाही, हेही कारण चालत नाही. एजन्सी दुसऱ्या मार्गानं खात्री करून घेऊ शकते, ईमेल बघेल, मॅनेजरला विचारेल, पण ‘सही नाही तर पैसे नाहीत’ हे तिला म्हणता येत नाही. आता तुमच्या कॉन्ट्रॅक्टमधलं ‘क्लायंटकडून आले की मगच’ हे वाक्य पुन्हा वाचा. तुम्ही नियमांच्या आत असाल तर ते वाक्य कागदावर असूनही तुमच्याविरुद्ध लागू करता येत नाही, कारण नियमांशी विसंगत कलमं निष्प्रभ ठरतात असं त्याच नियमांत म्हटलंय. ऑप्ट-आऊट केलंत की मात्र तेच वाक्य जिवंत होतं. एजन्सीला तुमची सही का हवी, ते इथे कळतं.

हा धोका किती मोठा, ते आकड्यांत बघा. महिन्याचं बिल महिनाअखेरीस आणि त्यावर ३० दिवसांची मुदत, अशी पद्धत असेल तर पहिले पैसे खात्यात येईपर्यंत तुम्ही साधारण ४० दिवस काम केलेलं असतं. ४५० च्या दरानं ते १८,००० पौंड झाले, व्हॅट वेगळा. वर्षाकाठी तुमची उलाढाल ९०,००० च्या मर्यादेपुढे जाईल असा रंग दिसतोय, म्हणजे व्हॅटची नोंदणी आलीच. आणि साध्या पद्धतीनं हिशेब ठेवत असाल तर एजन्सीनं पैसे दिले नसले तरी बिलावरचा व्हॅट सरकारला वेळेवर भरावा लागतो. (कॅश अकाउंटिंगची योजना घ्या, म्हणजे पैसे आले की मगच व्हॅट. अकाउंटंटला उद्याच विचारा.) इंग्लंड-वेल्समध्ये स्मॉल क्लेम्सची, म्हणजे कोर्टातल्या छोट्या दाव्यांची मर्यादा १०,००० पौंडांची. थकबाकी त्यापुढे गेली की दावा साध्या, स्वस्त मार्गावरून वरच्या मार्गावर जातो आणि वकिलाचा खर्च डोळ्यांपुढे उभा राहतो. याउलट आठवड्याला बिल केलंत तर पाच दिवसांचे २,२५०, व्हॅट धरून २,७००. एक बिल अडलं की तुम्हाला आठ-दहा दिवसांत कळतं आणि तुम्ही सावध होता.

कुणी म्हणेल, उशिरा पैसे देणाऱ्यांवर व्याज लावण्याचा १९९८ चा कायदा आहेच की. आहे, आणि तो ऑप्ट-आऊट केलं तरी राहतो. बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दराहून ८ टक्के जास्त व्याज, शिवाय बिलाच्या रकमेप्रमाणे ४०, ७० किंवा १०० पौंडांची ठरावीक भरपाई. पण त्यात गोम अशी की व्याज देणं थकल्यापासून सुरू होतं, आणि तुमच्या कॉन्ट्रॅक्टप्रमाणे क्लायंटनं दिल्याशिवाय देण्याची वेळच आलेली नाही, असं एजन्सी बिनदिक्कत सांगेल. म्हणून मी म्हणते, ऑप्ट-आऊटवर भांडायच्या आधी हे वाक्य खोडून घ्या.

आणि हेही जाणून ठेवा: बारावा नियम क्लायंट बुडाला तर कामाला येतो, एजन्सीच बुडाली तर नाही. तेव्हा तुमचं नाव इतर घेणेकऱ्यांच्या रांगेत लागतं आणि रांगेत पुढे बँक आणि कर खातं उभं असतं. म्हणून आठवड्याचं बिल आणि सात किंवा चौदा दिवसांची मुदत, हा हट्ट सोडायचा नाही. दिवसाचे पाच-दहा पौंड कमी घ्या हवं तर.

आता १२ महिन्यांचं कलम. आपल्याकडच्या मंडळींना याचं फारसं काही वाटत नाही, हे मी पाहत आले आहे. पुण्यात, हिंजवडीत बॉन्डवर सह्या केल्या, तीन-तीन महिन्यांचे नोटीस पिरियड सोसले, मूळ प्रमाणपत्रं कंपनीच्या ताब्यात देणारेही कमी नव्हते. त्यापुढे ‘१२ महिने क्लायंटकडे थेट जायचं नाही’ हे किरकोळच वाटणार. पण तुम्ही आता नोकर नाही, दुकान टाकून बसला आहात, आणि दुकानदारानं सगळ्यात चांगल्या गिऱ्हाइकाकडे वर्षभर जायचं नाही असा हा करार आहे. सहा महिन्यांनी विमा कंपनीचा मॅनेजर म्हणाला, “पुढचं काम आपण थेट करू”, तर तुम्हाला नाही म्हणावं लागेल.

नियमांच्या आत राहिलात तर चित्र पालटतं. सहावा नियम सांगतो की तुम्ही दुसरीकडे काम धरलं किंवा धरायचा विचार केला म्हणून एजन्सीनं तुमचं नुकसान करायचं नाही, तशी धमकी द्यायची नाही, आणि पुढे कुठे जाणार ते सांगण्याची सक्तीही करायची नाही. दहावा नियम क्लायंटच्या बाजूनं आहे. तुम्हाला थेट घेतल्याबद्दल एजन्सी क्लायंटकडून ट्रान्सफर फी मागते. ती मागण्याला कालमर्यादा आहे: काम सुरू झाल्यापासून १४ आठवडे किंवा शेवटच्या दिवसापासून ८ आठवडे, यांतलं जे उशिरा संपेल ते. तुमचं काम २६ आठवड्यांचं. म्हणजे १४ आठवडे कामातच सरतील, उरले शेवटच्या दिवसानंतरचे आठ. दोन महिनेसुद्धा नाहीत. त्या आठ आठवड्यांच्या आत घ्यायचं असेल तरी फीऐवजी ठरावीक काळ एजन्सीमार्फतच पुढे काम घेण्याचा पर्याय क्लायंटला द्यावा लागतो.

ऑप्ट-आऊट केलंत की हे दोन्ही नियम जातात. तुमच्यासाठी जातातच, आणि क्लायंटसाठीही, हे क्लायंटच्या गावीही नसतं. मग १२ महिन्यांचं कलम अवाजवी आहे म्हणून तुम्हाला व्यापारावरच्या बंधनाच्या जुन्या न्यायतत्त्वाचा आधार घ्यावा लागेल. कोर्ट मग विचारतं, एजन्सीचा जपण्याजोगा हितसंबंध काय, बंधन त्याच्या प्रमाणात आहे का. उत्तर तुमच्या बाजूनं येईलही. पण ते मिळवायचा खर्च दिवसाला ४५० घेणाऱ्या माणसाला झेपत नाही, आणि एजन्सीला हे पक्कं ठाऊक असतं.

आयआर ३५ बद्दल एजंट बोलला ते म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. आयआर ३५ एप्रिल २००० पासून आहे आणि त्यात बघतात ते एवढंच: मधली कंपनी काढून टाकली तर तुम्ही क्लायंटचे नोकर दिसता का. १९६८ च्या रेडी मिक्स्ड काँक्रीट खटल्यापासून त्याच्या कसोट्या चालत आल्या आहेत. काम स्वतःच करायचं की बदली माणूस पाठवता येतो, काय-कसं-कुठे करायचं यावर क्लायंटचं किती नियंत्रण, काम देण्या-घेण्याची दोन्हीकडून बांधिलकी किती. उत्तर ठरतं ते प्रत्यक्ष काम कसं चालतं यावरून. कर खात्याची सीईएसटी नावाची ऑनलाइन प्रश्नावली उघडून बघा, ऑप्ट-आऊट केलंय का असा प्रश्न तिच्यात सापडणार नाही. शिवाय एप्रिल २०२१ पासून खाजगी क्षेत्रातल्या मध्यम आणि मोठ्या क्लायंटच्या बाबतीत हा निर्णय क्लायंटनंच करायचा आणि कारणांसकट लेखी द्यायचा असतो. तुमचं काम आयआर ३५ च्या बाहेर आहे असं सांगतात, तर तो निर्णयाचा कागद, स्टेटस डिटर्मिनेशन स्टेटमेंट, मागून घ्या. तुमच्या बचावाचा खरा कागद तो आहे. आश्चर्य म्हणजे तो न मागता ऑप्ट-आऊटवर रात्रभर चर्चा करणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत.

ग्रुपवरचा एखादा अभ्यासू माणूस यावर एक बरा मुद्दा काढेल. कायद्यात एजन्सीची जी व्याख्या आहे तिच्यात ‘दुसऱ्याच्या नियंत्रणाखाली’ काम करायला माणसं पुरवणं असे शब्द आहेत. मग नियमांच्या आत राहणं म्हणजे नियंत्रण कबूल करणं, आणि नियंत्रण कबूल केलं की आयआर ३५ आलंच, असा तो युक्तिवाद. ऐकायला बिनतोड वाटतो. पण जरा उलटून बघा. तुम्ही खरोखरच कुणाच्या नियंत्रणाखाली नसाल तर हे नियम मुळात तुम्हाला लागूच नाहीत, मग बाहेर पडायची सही कशाला? आणि नियंत्रणाखाली असाल तर एका पानाच्या पत्रानं ते नियंत्रण नाहीसं होत नाही. दोन्हीकडून पत्राची किंमत शून्य. या मुद्द्यातून घ्यायचं ते वेगळंच आहे: उद्या वाद झाला तर एजन्सी म्हणू शकते की तुम्ही स्वतंत्र व्यवसाय करता, नियम तुम्हाला लागू नव्हतेच. म्हणून केवळ नियमांच्या भरवशावर राहायचं नाही. पैशांचं आणि बंधनाचं कलम कॉन्ट्रॅक्टमध्येच तुमच्या सोयीनं लिहून घ्यायचं, म्हणजे नियम असोत वा नसोत, तुमचं काम अडत नाही.

आता तारखांकडे या, कारण तिथे गंमत आहे. ऑप्ट-आऊट कळवायचं ते तुमची क्लायंटशी ओळख करून देण्यापूर्वी किंवा तुम्हाला कामावर पाठवण्यापूर्वी, असं बत्तिसाव्या नियमात आहे. एजन्सीनं ते क्लायंटलाही सांगायचं असतं. तुमचा इंटरव्ह्यू मंगळवारी झाला आणि पत्र शुक्रवारी आलं. ‘किंवा’ शब्दाला धरून एजन्सी म्हणेल, कामावर जाण्यापूर्वी सही झाली की पुरे. पण मग ओळख करून देण्याचा उल्लेख नियमात ठेवला कशासाठी? सावध वाचन असं की ओळख आधी झाली असेल तर सही उशिरा झाली, आणि उशिराचं ऑप्ट-आऊट टिकणं अवघड. याचा अर्थ असा नाही की बेधडक सही करून टाकावी आणि पुढे कोर्टात ‘ते अवैध होतं’ म्हणावं. तो वाद तुम्हाला सिद्ध करावा लागेल. पण इंटरव्ह्यूच्या बोलावण्याचा ईमेल आणि हे पत्र आल्याचा ईमेल, दोन्ही जपून ठेवा. आणि एक गोष्ट कधीच करू नका: तारखेची जागा रिकामी सोडून कागद परत पाठवणं. कुठल्याही कागदावर सही केलीत तर त्या दिवसाची खरी तारीख स्वतःच्या हातानं घाला.

सक्तीबद्दल. ‘ऑप्ट-आऊट केलं तरच काम शोधून देऊ’ अशी अट घालायला नियमांतच बंदी आहे. व्यवहारात मात्र एजन्सी अट घालत नाही, फक्त नाही म्हणणाऱ्याचा सीव्ही पुढे पाठवत नाही, आणि ते सिद्ध करणं जवळपास अशक्य. तुमच्या बाबतीत पारडं वेगळं आहे. निवड झालेली आहे, मॅनेजरला तुम्ही पसंत आहात, तुमच्या प्रत्येक दिवसामागे एजन्सीला तिचं मार्जिन मिळणार आहे. तुम्ही गेलात तर तेही जातं, आणि दुसरा माणूस दुसऱ्या एजन्सीचा असू शकतो. सोमवारची धमकी जेवढी वाटते तेवढी टोकदार नाही. काम मुळीच जाणार नाही अशी हमी मी देऊ शकत नाही. पण इतक्या पुढे आलेलं काम या एका पत्रावरून मोडलेलं मी पाहिलेलं नाही. मोडतं ते बहुधा फोनवरच्या तोंडातोंडीनं.

म्हणून फोन नको, ईमेल लिहा. शनिवारीच लिहा, म्हणजे सोमवारी सकाळी त्याच्या टेबलावर पहिलं तेच असेल. सूर थंड आणि आनंदी ठेवा. साधारण असं: ‘कॉन्ट्रॅक्टबद्दल आभार, ठरल्या दिवशी रुजू व्हायला मी उत्सुक आहे. कंडक्ट रेग्युलेशन्समधून बाहेर पडण्याचा माझा किंवा माझ्या कंपनीचा विचार नाही, त्यामुळे ते पत्र मी सही करून पाठवत नाही. कॉन्ट्रॅक्टमध्ये दोन बदल हवेत. बिल आठवड्याचं असावं आणि बिलाच्या तारखेपासून १४ दिवसांत पैसे मिळावेत, क्लायंटकडून येण्याची अट त्याला नसावी. काम संपल्यानंतरचं बंधन दहाव्या नियमातल्या मुदतीपुरतं असावं. क्लायंटनं दिलेलं स्टेटस डिटर्मिनेशन स्टेटमेंटही पाठवावं. बदललेलं कॉन्ट्रॅक्ट आलं की त्याच दिवशी सही करून देतो.’ एवढंच. कायद्याची व्याख्यानं नकोत, ‘तुम्ही मला फसवताय’ नको, बायकोची रजा नको, हप्ता नको. गरजवंताला अक्कल नसते असं आपल्याकडे म्हणतात. निदान गरज आहे हे समोरच्याला कळू तरी देऊ नये.

बहुतेक वेळा यावर दोन तासांत उत्तर येतं, “ठीक आहे, ऑप्ट-इन म्हणून नोंद करतो.” कारण एजन्सीच्या सिस्टीममध्ये त्यासाठी वेगळं टेम्प्लेट तयार असतं. आत राहणाऱ्यांसाठी त्यांना ओळखीचा पुरावा, कामाचा हक्क, लागणाऱ्या पात्रतेची खातरजमा अशी थोडी जास्त कागदपत्रं करावी लागतात, आणि एप्रिल २०२० पासून ‘की इन्फर्मेशन डॉक्युमेंट’ नावाचा एक कागद द्यावा लागतो, ज्यात दर, कपाती आणि हातात काय पडणार ते लिहिलेलं असतं. पासपोर्ट, आयएलआरचा शेअर कोड (कामाचा हक्क ऑनलाइन दाखवणारा कोड) आणि डिग्रीची प्रत तयार ठेवा, म्हणजे ‘यामुळे उशीर होतोय’ म्हणायला जागा राहणार नाही.

एजंट अडून बसला तर? मग त्याला लेखी विचारा: सही नाही केली तर काम देणार नाही, असं तुमचं म्हणणं आहे का? हे लिहून द्यायला कुठलीही शहाणी एजन्सी तयार होत नाही, आणि नव्याण्णव वेळा प्रकरण इथे मिटतं. तक्रारीची सोयही आहे. इतकी वर्षं एम्प्लॉयमेंट एजन्सी स्टँडर्ड्स इन्स्पेक्टोरेट हे काम बघत होतं; २०२५ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टनं ते फेअर वर्क एजन्सी या नव्या यंत्रणेकडे सोपवलं आहे. पण तक्रारीतून एजन्सीला चाप बसतो, तुमचं गेलेलं काम परत येत नाही.

आणि घरची परिस्थिती अशी आहे की काहीही करून हे काम हवंच, असं सोमवारी रात्री तुम्ही दोघांनी ठरवलंत, तर तेही समजण्यासारखं आहे. तान्हं बाळ घरात असताना तत्त्वासाठी सहा महिन्यांचं काम सोडा असं मी सांगणार नाही. त्या वेळी ऑप्ट-आऊटची सही हे शेवटचं नाणं म्हणून वापरा: दोन्ही कलमं बदललेलं कॉन्ट्रॅक्ट आधी हातात घ्या, मग त्या पत्रावर सही द्या. पैसे क्लायंटच्या अटीशिवाय आणि बंधन आठ आठवड्यांचं, हे कॉन्ट्रॅक्टमध्येच आलं असेल तर बाहेर पडून तुमचं फारसं जात नाही. याच्या उलट, पत्रावर सही आणि कॉन्ट्रॅक्ट जसंच्या तसं, हे एकच मिश्रण मी कुणालाही घेऊ देणार नाही. सही केल्यावर मन बदललं तर माघारीचं पत्रही देता येतं, फक्त चालू काम संपेपर्यंत त्याचा परिणाम होत नाही. पुढच्या कामापासून तुम्ही पुन्हा आत. पुढच्या वेळी एजन्सीच्या पोर्टलवर नाव नोंदवताना तिथल्या चौकोनांवर बारीक नजर ठेवा, हल्ली ऑप्ट-आऊट नोंदणीच्या वेळीच एका टिचकीत उरकून घेतात, आणि ती वेळ इंटरव्ह्यूच्या आधीची असल्यानं मग तारखेचा मुद्दाही हातात राहत नाही.

बदललेलं कॉन्ट्रॅक्ट आलं की जुनं आणि नवं शेजारी ठेवून ओळीनं वाचा. १२ महिन्यांचे सहा महिने करून ‘तुमच्या म्हणण्याप्रमाणे दुरुस्त केलं’ असं पाठवतात, पैशांची अट मुख्य कॉन्ट्रॅक्टमधून काढून मागच्या परिशिष्टात ठेवतात. परिशिष्टं वाचा. नोटीसचं कलमही एकदा बघून घ्या: क्लायंटला एका दिवसात थांबवता येतं आणि तुम्हाला मात्र चार आठवडे, असं असेल तर तेही याच ईमेलमध्ये समान करून मागा.